पसरणी चढून, आंबेनळी उतरून

मागच्या अंकात सुरूर ते पोलादपूर या राज्यमार्गावर मी एक छोटं टिपण लिहिलं होतं. पुणे–बंगळूर महामार्गावरून निघायचं, सह्याद्री चढायचा आणि पलीकडे मुंबई–गोवा महामार्गावर उतरायचं, असा हा जेमतेम 80 किलोमीटरचा रस्ता. टिपण आलं आणि पत्रांचा ओघ सुरू झाला. बांधकाम खात्यात शाखा अभियंता म्हणून माझी उमेदीची वर्षं याच रस्त्यावर गेली, त्यामुळे संपादकांनी या महिन्याचा ‘वाचक विचारतात’ हा रकाना माझ्याकडे सोपवला आहे. सगळी पत्रं छापणं शक्य नाही. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि मोठी पत्रं थोडी आखडली आहेत.

“सर, ‘हा एक रस्ता नाही, चार रस्ते एकापुढे एक जोडले आहेत’ असं तुम्ही लिहिलंत. आम्ही तर सुरूरला वळलो की थेट महाबळेश्वरलाच उतरतो. चार कसे?” (एक शिक्षिका, बारामती)

बाई, पुढच्या वेळी खिडकीजवळची जागा धरा आणि वाईपासून जागं राहा, म्हणजे मी काय म्हणतोय ते दिसेल.

सुरूर फाट्यापासून वाईपर्यंतचा पट्टा दहाएक किलोमीटरचा. सपाट, दोन्ही बाजूंना ऊस आणि भाजीपाल्याचं रान, रस्त्यावर वडाची सावली. इथे रस्ता कृष्णाकाठच्या बाजारपेठेकडे निघालेला असतो. वाईचे घाट, 1762 साली गणपतराव रास्त्यांनी बांधलेलं ढोल्या गणपतीचं देऊळ, पलीकडे मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा. विश्वकोशाचं काम ज्या गावात बसून चाललं तेही हेच. वाईपर्यंतचा रस्ता तालुक्याच्या गावाला जाणारा साधा, कामाचा रस्ता आहे.

वाई सोडली की पसरणी. शाहीर साबळ्यांचं हे जन्मगाव डोंगराच्या पायथ्याशी आहे आणि त्याचंच नाव घाटाला आहे. वाई समुद्रसपाटीपासून साधारण 700 मीटरवर, पाचगणी 1300च्या आसपास. अंतर 12 किलोमीटर. हिशेब केला तर दर 20 मीटरला 1 मीटर चढ येतो. डोंगराळ भागातल्या रस्त्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेस या रस्तेबांधणीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या पुस्तकात आजही हाच चढ धरतात. घाट आखणाऱ्या जुन्या माणसांसमोर मोटार नव्हती, भरलेली बैलगाडी होती. याहून उभा चढ लागला की बैल मधेच थांबतात आणि गाडीच्या चाकाला दगड लावावा लागतो, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून पसरणीची वळणं लांबलांब आहेत. रस्ता डोंगराच्या कडेकडेने सरकत वर जातो, घाई करत नाही. मधल्या एखाद्या वळणावर गाडी बाजूला घेऊन मागे बघितलं तर पांडवगड, धोम धरणाचं पाणी आणि कृष्णेचं सगळं खोरं एका नजरेत येतं.

तिसरा तुकडा पाचगणी ते महाबळेश्वर, 20 किलोमीटरच्या आतबाहेर. हा पठारावरचा रस्ता. चढउतार आहेत, पण घाट नाही. जॉन चेसन या इंग्रजाने पाचगणीत वसाहत उभी केली आणि बाहेरून आणून झाडं लावली. आज रस्त्याकडेला दिसणारे उंच सिल्व्हर ओक त्याच परंपरेतले. वाटेत भिलारला जाणारा फाटा लागतो. 4 मे 2017 पासून ते ‘पुस्तकांचं गाव’ आहे. पुढे स्ट्रॉबेरीची शेतं आणि गावात शिरायच्या आधी वेण्णा तलाव. सुट्टीच्या दिवशी सगळ्यात जास्त खोळंबा याच तुकड्यावर होतो आणि लोक मात्र दोष घाटाला देतात.

चौथा तुकडा आंबेनळी. महाबळेश्वर ते पोलादपूर, 40 किलोमीटरच्या आसपास. मेटतळे, वाडा कुंभरोशी, प्रतापगडाचा फाटा, मग जिल्ह्याची हद्द ओलांडून रायगडात. साडेतेराशे मीटरवरून तुम्ही जवळजवळ समुद्राच्या पातळीला येता. सकाळी वर स्वेटर लागतो आणि पोलादपूरच्या स्टँडवर उतरेपर्यंत अंगाला घाम फुटलेला असतो.

हे चारही तुकडे वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गरजेपोटी झाले. एका नंबराखाली ते आले ते फार नंतर.

“घाटात गाइड सांगतात की सगळा रस्ता इंग्रजांनी केला. आमचे आजोबा मात्र म्हणायचे की अफझलखान याच वाटेने उतरला. मग इंग्रजांच्या आधी रस्ता होता की नव्हता?” (एक वाचक, कराड)

आजोबा बरोबर सांगत होते, आणि गाइडचंही अर्धं खरं आहे. वाट होती, रस्ता नव्हता.

वाई हे पूर्वीपासून लष्करी ठाण्याचं गाव. अफझलखान आदिलशाहीकडून वाईचा सुभेदार होता, त्यामुळे हा मुलूख त्याच्या ओळखीचा. 1659 साली तो इथेच तळ देऊन होता आणि इथूनच फौज घेऊन जावळीत उतरला. तो उतरला ती रडतोंडीच्या घाटाची वाट. आजचा डांबरी रस्ता त्या वाटेवरून जात नाही. ती पायवाट होती, हत्ती-घोडे आणि बैलांचे तांडे कसेबसे नेता येतील इतपत. खाली कोयनेच्या खोऱ्यात पार गाव आहे. 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी जे झालं ते आपल्याला शाळेपासून माहीत आहे.

पार गावात रामवरदायिनीचं देऊळ आहे आणि गावाजवळ कोयनेवर शिवकालीन म्हणून ओळखला जाणारा दगडी पूल आहे. हमरस्ता सोडून थोडं आत जावं लागतं. माझं सगळ्या वाचकांना सांगणं आहे की प्रतापगड बघून परत फिरू नका, हा पूल बघा. कमानींचे दगड हाताने घडवलेले, खांबांना पाण्याच्या वरच्या अंगाला निमुळती टोकं काढलेली. पुराचं पाणी अंगावर न येता दोन्ही बाजूंनी फुटून जावं, वाहून आलेलं झाड आडवं अडकू नये, म्हणून ती टोकं. पुलाचं शास्त्र शिकवणाऱ्या कोणाही मास्तरांनी विद्यार्थ्यांना तिथे उभं करून शिकवावं असं ते काम आहे.

आता इंग्रजांकडे येऊ. 1824 साली लॉडविक हा लष्करी अधिकारी महाबळेश्वरच्या पठारावर चढला आणि तिथल्या हवेची कीर्ती मुंबईला पोचली. पण वर गाडी जाईल असा पहिला रस्ता केला तो साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांनी. साताऱ्यातले इंग्रजांचे प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, ब्रिग्ज यांच्या आग्रहावरून 1826च्या सुमारास साताऱ्याहून मेढ्याच्या बाजूने वर जाणारा रस्ता त्यांनी करवून घेतला. हे गाइड सांगत नाहीत, ते सांगायला हवं. त्यानंतर गव्हर्नर जॉन माल्कम यांनी महाराजांशी करार करून 1829 साली महाबळेश्वरची जागा घेतली आणि त्या बदल्यात वाईजवळचं खंडाळा गाव दिलं. नव्या वस्तीला माल्कम पेठ हे नाव पडलं. वेण्णा तलावसुद्धा छत्रपतींच्या घराण्याचंच काम, 1842 सालचं, आप्पासाहेब महाराजांच्या काळातलं.

म्हणजे गाडीने महाबळेश्वरला जायचं ते साताऱ्याहून. मुंबईचे साहेब लोक मात्र गलबताने नागोठण्याला किंवा सावित्रीच्या खाडीत दासगावला उतरत आणि तिथून पालखीत बसून महाड, पोलादपूर, पार करत वर चढत. भोयांच्या खांद्यावर चढलेला हा घाट! त्या भोयांची नावं कुठे लिहिलेली नाहीत आणि याचं मला फार वाईट वाटतं.

पसरणीचं महत्त्व वाढलं ते रेल्वेमुळे. 1863 साली बोरघाटातून गाडी सुरू झाली आणि मुंबईचा माणूस सरळ पुण्यात उतरायला लागला. पुण्याहून टांगा कात्रज, खंबाटकी, सुरूर, वाई करत पसरणी चढायचा. पुढे 1880च्या दशकात पुण्याहून मिरजेकडे लोहमार्ग टाकला गेला तेव्हा वाठार स्टेशन महाबळेश्वरचं स्टेशन झालं. तिथून वाईला आणि वाईहून वर. म्हणजे मेढ्याचा मान हळूहळू वाईकडे आला. एखादा रस्ता मोठा होतो तो त्याच्या रुंदीमुळे नाही, दुसरीकडे काय बांधलं गेलं त्यामुळे होतो. याच रस्त्याने ते मला शिकवलं.

आंबेनळीचा गाडीरस्ता सगळ्यात शेवटी, 1870च्या दशकात झाला. 1867 ते 1872 या काळात मुंबईचे गव्हर्नर होते सेमूर फिट्झगेराल्ड, त्यांचं नाव या घाटाला दिलं. जुन्या नकाशांत ‘फिट्झगेराल्ड घाट’ दिसला तर तो हाच. मुंबईहून बोटीने दासगावला यायचं आणि पालखीऐवजी चाकाच्या गाडीतून वर जायचं, हा त्यामागचा बेत. बेत इंग्रजांचा, पैसा इथल्या महसुलाचा आणि सुरुंगाची भोकं पाडणारे हात इथल्या माणसांचे.

“मी नववीत आहे. रस्त्याकडेच्या दगडावर हिरवा रंग का असतो? आणि या रस्त्याचा नंबर काय?” (एक विद्यार्थिनी, महाड)

बाळ, दगडाच्या डोक्याचा रंग बघितलास, शाबास. पिवळं डोकं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्यमार्ग. काळं किंवा निळं असेल तर तो जिल्ह्याचा रस्ता आणि केशरी असेल तर गावाचा. 1943 साली सगळ्या प्रांतांचे मुख्य अभियंते नागपूरला जमले होते. रस्त्यांची राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि ग्रामीण अशी वर्गवारी तिथे ठरली. तिला ‘नागपूर योजना’ म्हणतात.

नंबराचं म्हणशील तर तो बदलत राहतो. महाराष्ट्रात दर वीस वर्षांची रस्तेविकास योजना होते: 1961 ते 81, 1981 ते 2001, 2001 ते 2021. प्रत्येक योजनेत काही रस्त्यांना बढती मिळते, काहींचे आकडे बदलतात. तुझ्या महाडवरून जाणारा मुंबई–गोवा महामार्ग पूर्वी 17 नंबरचा होता, आता 66 आहे. म्हणून तू रस्त्याची ओळख दोन टोकांनी लक्षात ठेव, सुरूर आणि पोलादपूर. ती टोकं बदलत नाहीत.

“दर पावसाळ्यात आंबेनळी घाट बंद. इंग्रजांनी केलेलं काम दीडशे वर्षं टिकलं आणि आता वर्षभरात कठडा ढासळतो. कारण भ्रष्टाचार, दुसरं काय?” (एक वाचक, खेड, जि. रत्नागिरी, अशीच आणखी काही पत्रं)

या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त जागा देणार आहे. कृपा करून शेवटपर्यंत वाचा.

आधी पाऊस. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी 6000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून पूर्वेला 20 किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याचा तिसरा हिस्सासुद्धा पडत नाही आणि वाईला पाचगणीच्याही निम्म्याहून कमी. ढग कोकणातून येतात, पश्चिमेच्या कड्याला अडतात आणि बहुतेक सगळं तिथेच रितं करतात. पसरणी घाट डोंगराच्या आडोशाला आहे, आंबेनळी पावसाच्या तोंडावर. एकाच रस्त्याचे हे दोन घाट, पण त्यांना एकच माप लावून चालत नाही.

मग खडक. वर जांभ्याचा थर आहे, सच्छिद्र. पाणी त्यातून खाली झिरपतं. त्याखाली काळ्या पाषाणाचे थर एकावर एक, आणि दोन थरांच्या मधे कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा. घाटात कापलेल्या दरडीकडे नीट बघितलं तर तांबडी रेघ आडवी गेलेली दिसते. पाणी तिथपर्यंत येतं, मऊ मातीवर अडतं आणि वाट मिळेल तिथून बाहेर फुटतं. तांबडा पट्टा भिजून फुगला की त्याच्या वरचा कातळ आधार सोडतो. दरड कोसळते ती अशी. नुसती वरून माती घसरते असं नाही, पाणी तिला आतून ढकलतं.

म्हणून घाटरस्ता म्हणजे मुळात पाण्याची व्यवस्था, डांबर त्याच्यावरचं शेवटचं पांघरूण आहे. डोंगराच्या अंगाला वर एक चर असतो, माथ्यावरचं पाणी रस्त्यावर येण्याआधीच वळवून नाल्याला नेणारा. रस्त्याला डोंगराच्या बाजूने उतार दिलेला असतो, दरीच्या बाजूने नाही. पाणी आत यावं, गटारात पडावं, बाहेरच्या कडेवरून जाऊ नये. गटारातून ते मोरीत जातं, मोरीतून रस्त्याखालून पलीकडे, आणि तिथे दगडी फरसबंदीवरून दरीत, म्हणजे खालची माती खणली जात नाही. दरीकडच्या भिंतीला ओळीने भोकं ठेवलेली असतात. भिंतीमागे साठलेलं पाणी त्यांतून बाहेर पडतं. ती भोकं बुजली तर भिंत कितीही जाड असो, मागच्या पाण्याच्या दाबाने पोट काढते आणि एका रात्री जाते.

आता ‘इंग्रजांचं काम टिकलं’ याबद्दल. जुन्या मोऱ्या खरोखर चांगल्या आहेत. चुन्यात बसवलेला घडीव काळा दगड, कमान इतकी नेटकी की सांध्यात कोयत्याचं टोक जात नाही. पण त्या टिकल्या याला दुसरं कारण आहे आणि ते दगडात नाही. रस्त्यावर मैलकुली होते.

हा शब्द आता नव्या पिढीला सांगावा लागतो. मैलकुली म्हणजे रस्त्याच्या ठरलेल्या पट्ट्याची देखभाल करणारा कामगार, वर एक मुकादम. फावडं, घमेलं, पहार आणि कोयता एवढीच त्यांची हत्यारं. मृगाच्या आधी ते आपल्या पट्ट्यातली प्रत्येक मोरी उघडी करत. पाचोळा, गाळ, वरून आलेला धोंडा, प्लॅस्टिक, सगळं बाहेर. गटाराच्या तळाला फावडं घासेपर्यंत सफाई. पाऊस सुरू झाला की घोंगडी किंवा इरलं पांघरून फेरी मारत. माझ्या पट्ट्यातला एक म्हातारा मैलकुली मोरीच्या तोंडाशी वाकून नुसता कान देई. आत पाणी मोकळं वाहत असेल तर खळाळ सारखा येतो. मधे काही अडकलं असेल तर तो दबतो, घुमतो. मग तो पलीकडच्या तोंडाशी जाऊन तिथलं पाणी किती जोरात पडतंय ते बघे आणि पहार घेऊन आत शिरे. पुस्तकात जे नव्हतं ते मी त्याच्याकडून शिकलो. पुढे नव्या मुलांना घाटावर घेऊन गेलो की डांबराची जाडी मोजण्याआधी मी त्यांना मोरीपाशी उभं करत असे.

ती माणसं आता रस्त्यावर क्वचित दिसतात. काम यंत्राने होतं आणि यंत्र येतं ते दरड पडल्यावर. मोरी तुंबते तेव्हा कोणी नसतं. पाणी गटारातून उसळून रस्ता ओलांडतं, दरीकडची साईडपट्टी खात जातं, भिंतीचा पाया उघडा पडतो आणि मग एका पहाटे आपण बातमी वाचतो की रस्ता खचला. भ्रष्टाचार नाहीच असं मी म्हणणार नाही. पण सगळं त्याच्यावर टाकलं की आपण मोरीकडे बघायचं विसरतो, आणि कितीही प्रामाणिकपणे टाकलेलं डांबर तुंबलेल्या मोरीपुढे एक पावसाळा टिकत नाही.

काही पाऊस मात्र कुठल्याही मोरीच्या आवाक्याबाहेरचे असतात. जुलै 2021 मध्ये 22 तारखेच्या सकाळपासूनच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला जवळपास 600 मिलिमीटर पाऊस पडला. वर्षभराच्या पावसाचा दहावा हिस्सा एका दिवसात. महाड तालुक्यातलं तळीये त्याच पावसात दरडीखाली गेलं, पोलादपूर तालुक्यातही माणसं गेली. आंबेनळी घाट ठिकठिकाणी वाहून गेला आणि कित्येक आठवडे बंद राहिला. घाटातल्या गावांना दवाखाना, बाजार, शाळा सगळंच तुटलं. घाट बंद असल्याची बातमी पर्यटकांसाठी छापली जाते, पण चिरेखिंडीपाशी रस्ता तुटला की आजारी माणसाला डोलीत घालून नेणारे लोक वेगळे असतात.

कठड्यांचंही याच पत्रात विचारलं आहे. 28 जुलै 2018 रोजी याच घाटात बस दरीत कोसळून 30 जणांचा जीव गेला. त्या दिवसानंतर कठड्यांवर सगळ्यांचं लक्ष गेलं, आणि जायलाच हवं. पण कठड्याचा पाया भक्कम जमिनीत हवा. साईडपट्टीच्या भुसभुशीत भरावावर उभा केलेला कठडा गाडी अडवत नाही, गाडीबरोबर खाली जातो. म्हणजे पुन्हा आधी पाणी, मग भिंत, मग कठडा. हा क्रम उलटा करून चालत नाही.

आम्ही वाचक स्वतः काय करू शकतो, असं एका पत्रात विचारलं आहे. मेअखेर घाटातून जात असाल तर गाडी सुरक्षित जागी थांबवा आणि एखाद्या मोरीत डोकावा. पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. दिसला नाही तर दगडावरचा किलोमीटर टिपून घ्या, फोटो काढा आणि जवळच्या उपविभागीय अभियंत्याच्या नावे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी तक्रार विरून जाते. किलोमीटर लिहिलेल्या अर्जाला उत्तर द्यावंच लागतं.

“सुरूर–वाई रस्त्यावरच्या वडांमुळे दोन गाड्या नीट जात नाहीत. मी हंगामात उसाचा ट्रॅक्टर चालवतो. झाडं काढून रस्ता रुंद करायला तुमच्यासारख्या इंजिनिअरचा विरोध का?” (एक शेतकरी, वाई तालुका)

दादा, तुमची अडचण खरी आहे. दोन ट्रॉल्या मागे लावून समोरून लक्झरी आली की काय होतं ते मी पाहिलं आहे. तरीही मी वडांच्या बाजूने आहे, आणि त्याला भावना हे एकच कारण नाही.

वड लावणाऱ्यांनी विचार करून लावले. वडाची मनगटाएवढी फांदी रोवली तरी ती जगते, म्हणून रस्त्याकडेला तो लावणं सोपं. बैलाला आणि पायी जाणाऱ्याला उन्हाळ्यात सावली. आणि त्याची मुळं दूरवर पसरून रस्त्याचा भराव धरून ठेवतात. खोडावर गेरू आणि चुन्याचे पट्टे असत, त्यामुळे कंदिलाच्या उजेडातही रस्त्याची कड कळायची. आज तेच पट्टे हेडलाइटमध्ये दिसतात.

रस्ता रुंद करायचा तर झाडांची रांग मधे ठेवून एका बाजूला नवी लेन काढता येते. जाणारा रस्ता जुना, येणारा नवा, मधे वड. जमीन जास्त लागते, भूसंपादनाचे पैसे जास्त लागतात, हे मान्य. पण रस्ता शंभर वर्षांसाठी करायचा असेल तर तो हिशेबही शंभर वर्षांचा करावा. तोडलेल्या एका वडाच्या बदल्यात दहा रोपं लावू, असं कागदावर लिहिणं सोपं असतं. दहा रोपांना तीन उन्हाळे पाणी कोण घालतं ते मी नोकरीत बघितलं आहे, म्हणून हा आग्रह.

आणि वर महाबळेश्वर–पाचगणीचा पट्टा 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तिथे डोंगर कापायला आणि झाड तोडायला बंधनं आहेत. खाली रस्ता कितीही रुंद केला तरी वर पोचल्यावर गाड्या अरुंद रस्त्यावरच येणार. पाण्याचा पाइप एका टोकाला मोठा आणि दुसऱ्या टोकाला लहान ठेवला तर जे होतं तेच होईल. तुमच्या ट्रॅक्टरसाठी खरी मदत होईल ती ठरावीक अंतरावर बाजूला घ्यायच्या पक्क्या जागा आणि हंगामात मोठ्या गाड्यांना वेळा ठरवून देणं यांनी. हे कमी खर्चात, झाडं न तोडता, एका मोसमात होण्यासारखं आहे. ग्रामपंचायतीचा ठराव करून मागा. मसुदा मी लिहून देईन.

“पावसाळ्यात पुण्याहून निघून वाई–महाबळेश्वर करत पोलादपूरला उतरायचं आणि कोकणातून परत यायचं असा विचार आहे. घाटात गाडी चालवायची आमची पहिलीच वेळ. काही सूचना?” (एक दांपत्य, पुणे)

जरूर जा, पण आंबेनळी दिवसाउजेडी उतरा. दुपारी तीननंतर महाबळेश्वरहून निघू नका. धुकं उतरलं की पुढचं वळण दिसत नाही, आणि थांबायला जागा मोजक्याच आहेत.

ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर खाली पोचेपर्यंत तो तापून ढिला पडतो, जळका वास येतो. उतारावर गाडी न्यूट्रल करणारे लोक मी पाहिले आहेत. तसं कधीही करू नका. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा कायदा आहे आणि शहाणपणही, कारण भरलेली गाडी चढावर थांबली तर पुन्हा उचलणं अवघड जातं. वळणावर हॉर्न द्या आणि मग काच थोडी खाली करून समोरचा हॉर्न ऐका. धबधबा दिसला म्हणून वळणावर गाडी लावू नका. जिथे पाणी रस्त्यावर पडतं तिथेच वरून दगडही येतात. समोर रस्त्यावर ताजी माती, लहान खडी किंवा गढूळ पाण्याचा नवा ओघ दिसला तर पुढे न जाता मागे फिरा.

वेण्णा तलाव भरून वाहिला की पाचगणी–महाबळेश्वर रस्त्यावर पाणी येतं. ते खोल वाटत नाही, पण कड दिसत नाही. स्थानिक गाडी पुढे जाऊ द्या.

निघण्याआधी महाबळेश्वर किंवा पोलादपूर पोलिसांकडे घाट चालू आहे का ते विचारा. मोबाइलवरचा नकाशा बंद घाटसुद्धा मोकळा दाखवतो. घाट बंद असेल तर कुंभरोशीपर्यंत जाऊन बघू, असं करू नका. आल्या वाटेने वाईला उतरा. कोकणात जायचंच असेल तर पुण्याहून ताम्हिणीने माणगावला जा, नाहीतर कराडवरून कुंभार्ली घाटाने चिपळूणला. लांब पडेल, पण त्या घाटांचीही चौकशी करूनच निघा.